पीएस५ आणि जुना ५.१ रिसीव्हर: टीव्हीमार्गे आवाज दोनच चॅनेलचा येतो

निमशहाणा

मांडणी अशी आहे:

कन्सोल: पीएस५ आणि पहिला निन्टेंडो स्विच (डॉकसह).
टीव्ही: ४के, १२० हर्ट्झ. एचडीएमआय पोर्ट चार. त्यातले ३ आणि ४ क्रमांकाचे एचडीएमआय २.१ आहेत, पण ई-आर्कही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून उलट रिसीव्हरला पाठवणाऱ्या 'आर्क'ची नवी आवृत्ती) नेमका ३ वरच.
रिसीव्हर (आवाज स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायर): जुना, ५.१ (पाच चॅनेल अधिक सबवूफरचा एक), एचडीएमआय १.४. चार इनपुट, एक आउटपुट. आउटपुटवर 'आर्क' छापलंय. ऑप्टिकल इनपुट एक. डॉल्बी डिजिटल, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि बहुचॅनेल पीसीएम चालतं असं पुस्तिका सांगते.
स्पीकर: पाच, शिवाय सबवूफर.

दोन प्रकारे जोडून पाहिलं.

एक, दोन्ही कन्सोल टीव्हीला आणि टीव्ही आर्कने रिसीव्हरला. चित्र उत्तम, पण रिसीव्हरच्या पडद्यावर नुसतं 'पीसीएम' आणि डावा-उजवा एवढे दोनच दिवे. मागचे स्पीकर गप्प. प्रो लॉजिक लावलं की वाजतात, पण ते दोन चॅनेलवरून ओढूनताणून केलेलं असतं.

दोन, पीएस५ थेट रिसीव्हरला. सहाही चॅनेल झकास, पण चित्र १०८०पी ६० हर्ट्झवर उतरतं. १२० हर्ट्झ गेलं, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश दर बदलणं) गेलं.

रिसीव्हर न बदलता ४के १२० आणि खरं ५.१ एकत्र जमेल का? आर्कऐवजी ऑप्टिकल वायर टाकून काही फरक? स्विचचं काय करायचं? आणि खेळताना आवाज मागे पडता कामा नये, ही मुख्य अट.

---

तारकरी

जमेल, आणि बहुधा नवीन काहीही न घेता. रिसीव्हरमध्ये दोष नाही. घोडं पेंड खातंय ते आर्कच्या वाटेवर.

पीएस५ मुळात आवाज लिनिअर पीसीएममध्ये देतो, म्हणजे न आवळलेला (अनकॉम्प्रेस्ड). त्याचा हिशोब करा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला साधारण १.५ मेगाबिट. सहा चॅनेल झाले की ४.६ मेगाबिट. २४ बिट धरले तर ६.९. आर्कची वाट बेतलेली आहे दोन चॅनेलच्या पीसीएमसाठी, किंवा तेवढ्याच जागेत मावणाऱ्या आवळलेल्या ५.१ साठी. सहा चॅनेल पीसीएम तिथून जातच नाही. टीव्ही कन्सोलला 'मी दोन चॅनेल घेतो' असं कळवतो आणि कन्सोल निमूटपणे दोन देतो. पडद्यावर 'पीसीएम' दिसतं ते त्यामुळे.

तुमच्या टीव्हीला ई-आर्क आहे, त्यातून सेकंदाला ३७ मेगाबिट जातात. पण ई-आर्क दोन्ही टोकांना लागतो. एक टोक साधं असलं की दोघे साध्या आर्कवर बोलतात.

तेव्हा आवाज कन्सोलमध्येच आवळायचा. क्रम असा ठेवा:

१. पीएस५ टीव्हीच्या पोर्ट ४ ला. पोर्ट ३ रिसीव्हरसाठी मोकळा सोडा. कन्सोलसोबत आलेलीच एचडीएमआय वायर वापरा. ती ४८ गिगाबिटची आहे. टीव्ही-रिसीव्हरमध्ये कोणतीही धड 'हाय स्पीड' वायर चालते.

२. टीव्हीच्या पोर्ट ३ मधून रिसीव्हरच्या आउटपुटला. आउटपुटवरून आवाज आत घ्यायचा हे उलटं वाटतं, म्हणून लोक ही वायर इनपुटमध्ये खोचतात आणि मग तासभर डोकं खाजवतात.

३. रिसीव्हरमध्ये आर्क चालू करा. बहुतेक जुन्या यंत्रांत तो 'एचडीएमआय कंट्रोल' किंवा सीईसी (एचडीएमआय वायरीतून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू केल्याशिवाय उठत नाही. टीव्हीतही सीईसी चालू हवं.

४. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' असं काहीतरी सापडेल. तिथे 'पीसीएम' असेल तर बदलून 'पासथ्रू' (आलेला आवाज जसाच्या तसा पुढे) करा, ते नसेल तर 'ऑटो'. निम्म्या तक्रारी या एका ओळीवर मिटतात. कन्सोलने ५.१ पाठवलं तरी टीव्ही ते उलगडून दोन चॅनेल करून पुढे देत बसतो.

५. पीएस५ मध्ये सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुट. एचडीएमआय उपकरणाचा प्रकार 'एव्ही ॲम्प्लिफायर', चॅनेल ५.१. मग 'ऑडिओ फॉरमॅट (प्रायॉरिटी)' मध्ये लिनिअर पीसीएम काढून डॉल्बी. ॲटमॉस (डॉल्बीचा वरूनही येणारा आवाज) नको, तुमच्या रिसीव्हरला ते कळणार नाही. डीटीएसचा पर्यायही दिसेल. काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत, म्हणून सुरुवात डॉल्बीनेच करा.

६. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बरेच गेम किती चॅनेल द्यायचे ते सुरू होतानाच ठरवतात. चालू गेममध्ये सेटिंग बदलून 'फरक पडला नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

रिसीव्हरवर आता 'डॉल्बी डिजिटल' आणि पाच अधिक एलएफई (सबवूफरचा खर्ज चॅनेल) असे दिवे दिसायला हवेत. अजूनही 'पीसीएम' असेल तर पायरी ४ कडे परत जा. त्या सेटिंगच्या नावात 'प्रायॉरिटी' उगाच नाही: टीव्हीने डॉल्बीला नकार दिला की पीएस५ काही न सांगता पीसीएमवर येतो. त्यामुळे कन्सोलच्या मेनूत काय निवडलंय ते पुरावा म्हणून धरू नका. पुरावा एकच, रिसीव्हरचा पडदा.

---

जुनी_काडतुसं

स्विचला हा उपाय लागू नाही. त्याला डॉल्बी डिजिटल बनवताच येत नाही, फक्त पीसीएम येतं: दोन चॅनेल किंवा ५.१. आर्कमधून म्हणजे दोनच. काही टीव्ही आत आलेलं ५.१ पीसीएम स्वतः डॉल्बी डिजिटल करून बाहेर देतात, पण त्या भरवशावर राहू नका.

पण तुमच्या बाबतीत सुंठीवाचून खोकला जातो. पहिला स्विच डॉकमधून १०८०पी ६० हर्ट्झच्या वर जातच नाही. तेवढं चित्र एचडीएमआय १.४ ला किरकोळ आहे. म्हणून स्विच थेट रिसीव्हरच्या इनपुटला लावा. रिसीव्हरमधून चित्र त्याच आर्कच्या वायरने टीव्हीच्या पोर्ट ३ वर येईल, कारण त्या एकाच वायरमधून चित्र एका दिशेने आणि आवाज उलट दिशेने जाऊ शकतो. वेगळी वायर नको.

वापर असा: पीएस५ खेळताना टीव्ही पोर्ट ४ वर, रिसीव्हर 'टीव्ही' इनपुटवर. स्विच खेळताना टीव्ही पोर्ट ३ वर, रिसीव्हर स्विचच्या इनपुटवर. स्विचच्या सेटिंगमध्ये टीव्हीच्या विभागात जाऊन आवाज 'सराउंड' करा, तो आपोआप होईलच असं नाही. रिसीव्हरवर 'मल्टी चॅनेल' किंवा 'पीसीएम ५.१' असं काही दिसेल. दिवे सहा असले तरी सगळेच गेम सहाही चॅनेल भरत नाहीत. कित्येक गेम मुळातच स्टिरिओ आहेत, तिथे वायरीला दोष देऊ नका.

जाता जाता: याहून जुनं काही कपाटात असेल तर निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी (Wii) यांचं सराउंड म्हणजे दोन ॲनालॉग चॅनेलमध्ये दडवलेलं प्रो लॉजिक २. तिथे रिसीव्हरवर प्रो लॉजिक लावणं ही बनवाबनवी नसून योग्य पद्धत आहे. एक्सबॉक्स ३६० खेळाचं ५.१ डॉल्बी डिजिटलमध्येच देतो, ऑप्टिकलवर सुखाने चालतो. पीएस३ एचडीएमआयवर बहुचॅनेल पीसीएम देतो, त्यामुळे त्याची जागाही थेट रिसीव्हरवर.

---

ऋण_तीन_डेसिबल

तारकरींची कृती बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याने 'आवाज मागे पडता कामा नये' ही मुख्य अट घातलीय आणि तिची किंमत सांगायची राहिली.

डॉल्बी डिजिटल आवाज तुकड्यातुकड्याने आवळतं. एक तुकडा १५३६ नमुन्यांचा, ४८ किलोहर्ट्झला म्हणजे ३२ मिलिसेकंदांचा. तुकडा भरल्याशिवाय तो बांधून पाठवता येत नाही. कन्सोल, टीव्ही, रिसीव्हर कितीही वेगवान असोत, हे ३२ मिलिसेकंद चुकत नाहीत. त्यावर टीव्हीतून पुढे जाण्याचा आणि रिसीव्हरमध्ये उलगडण्याचा वेळ वेगळा. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज किमान दोन फ्रेम मागे. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा हा उशीर स्पीकरपासून ११ मीटर दूर बसण्याएवढा झाला.

गोष्टीच्या, भटकंतीच्या, गाड्यांच्या गेममध्ये हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ताल धरून बटण दाबायच्या गेममध्ये जाणवतं. समोरच्याच्या पावलांवर कान ठेवून खेळत असाल तरीही. तसं खेळताना पीएस५ पुन्हा लिनिअर पीसीएमवर आणा, दोन चॅनेल घ्या.

३२ च्या वर जो उशीर लागतो त्यातला बराचसा मात्र काढता येतो:

टीव्हीत गेम मोड हवाच. त्याशिवाय चित्रावरच एवढे संस्कार होतात की टीव्ही आवाजही मुद्दाम रोखून धरतो. टीव्हीतला 'डिजिटल आउटपुट डिले' किंवा 'एव्ही सिंक' शून्यावर. रिसीव्हरमधलं 'ऑटो लिप सिंक' बंद, हाताने दिलेला उशीर शून्य. ही सगळी साधनं आवाज थांबवतात, पुढे ओढत नाहीत. आवाज चित्राच्या मागे असताना ती वाढवणारे पाहिलेत, म्हणून सांगितलं. 'हॉल', 'स्टेडियम' असले मोड काढा. 'डायरेक्ट' मोडने उरलीसुरली प्रक्रिया टळते, पण काही रिसीव्हरवर त्यात सबवूफरकडे जाणारा खर्जही तुटतो. लावून ऐका, खर्ज पातळ झाला तर मागे या.

स्विच थेट रिसीव्हरला आणि पीसीएममध्ये असल्याने त्याला हा ३२ चा फटका नाही.

---

खटपट्या

ऑप्टिकलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. फरक पडणार नाही. ऑप्टिकलवरही दोन चॅनेल पीसीएम किंवा आवळलेलं ५.१ डॉल्बी डिजिटल/डीटीएस एवढंच जातं. शिवाय पीएस५ ला ऑप्टिकल आउटपुट नाही. पीएस४ आणि पीएस४ प्रोला होतं, स्लिमचं काढून टाकलं. एक्सबॉक्स वनच्या पिढीत होतं, सिरीज एक्स आणि एसला नाही. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून काढलात तर आर्कचंच दुसरं रूप. एकच फायदा: ऑप्टिकलला सीईसी लागत नाही, त्यामुळे आर्क वारंवार तुटत असेल तर तो खात्रीचा पर्याय आहे. टोक खोचताना 'टक्' आवाज यायला हवा, आणि वायर काटकोनात मोडू नका.

आता ३२ मिलिसेकंदही नको आणि ४के १२० ही हवं, असा हट्ट असेल तर मधे डबी बसवावी लागते. दोन जाती आहेत, त्यांत लोक गल्लत करतात.

पहिली, साधा एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टर: कन्सोल आणि टीव्हीच्या मधे बसतो, आवाज बाजूला काढतो. यातून चित्रही जातं, म्हणून त्याला पूर्ण बँडविड्थ पेलता आली पाहिजे. १८ गिगाबिटची डबी लावलीत की ४के ६० वर आलात. मूळ दुखणंच परत. वर अनेकांत आवाज बाहेर येतो तो ऑप्टिकलमधून, तिथे सहा चॅनेल पीसीएम मावत नाही. तिच्या कडेला 'टीव्ही / २ चॅनेल / ५.१' असा एक बारीक खटका असतो. कन्सोलला कोणती ओळख दाखवायची ते तो ठरवतो. तो '२ चॅनेल'वर राहिला की पुढे कितीही सेटिंग बदला, साप म्हणून भुई धोपटणं आहे.

दुसरी, ई-आर्क एक्स्ट्रॅक्टर: ही टीव्हीच्या ई-आर्क पोर्टला लागते आणि दुसऱ्या बाजूने साध्या एचडीएमआयवर आवाज देते, तो रिसीव्हरच्या इनपुटला जोडायचा. टीव्हीला वाटतं पलीकडे ई-आर्कवालं यंत्र आहे, म्हणून तो सहा-आठ चॅनेल पीसीएम सोडतो. कन्सोल थेट टीव्हीला असल्याने चित्र या डबीतून जातच नाही, बँडविड्थचा प्रश्नच उरत नाही. तुमच्यासाठी हीच. पण पोर्ट ३ तिने अडतो, तेव्हा स्विचच्या चित्रासाठी रिसीव्हरच्या आउटपुटमधून पोर्ट १ किंवा २ ला वेगळी वायर टाकावी लागेल.

ती आणण्याआधी एक गोष्ट नक्की करा. ई-आर्क असूनही काही टीव्ही बाहेरच्या पोर्टवर आलेलं बहुचॅनेल पीसीएम दोन चॅनेलवर आणून देतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बहुचॅनेल पीसीएम पासथ्रूचा स्पष्ट उल्लेख नसेल तर परत करता येईल अशाच अटीवर घ्या.

---

निमशहाणा

सगळ्यांना धन्यवाद. पायरी ४ लाच गोची होती, टीव्ही 'पीसीएम'वर होता. आता पीएस५ ला 'डॉल्बी डिजिटल', पाच अधिक एलएफई. स्विच थेट रिसीव्हरला, 'मल्टी चॅनेल'. डबीचा विचार तूर्त बाजूला.

आता पुढचं. संवाद दबलेले वाटतात, सबवूफर घुमतो आणि मागचे स्पीकर वाजतात पण 'मागून' असं काही वाटत नाही. मागचे दोन्ही मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, उंचावर आहेत. पुढचे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना. रिसीव्हरच्या टेस्ट टोनमध्ये सगळे क्रमाने बरोबर वाजतात.

---

ऋण_तीन_डेसिबल

टेस्ट टोन रिसीव्हर स्वतः तयार करतो. त्यावरून रिसीव्हर ते स्पीकर एवढी वायर बरोबर आहे इतकंच कळतं.

जागा. बसण्याच्या जागेवरून टीव्हीचा मध्य शून्य अंश धरा. पुढचे दोन प्रत्येकी ३० अंशांवर, म्हणजे तुमच्यापासून स्पीकरपर्यंत जेवढं अंतर तेवढंच त्या दोघांमध्ये, समभुज त्रिकोण. सराउंड १०० ते १२० अंशांवर. ९० म्हणजे थेट कानाच्या रेषेत, तेव्हा १०० ते १२० म्हणजे कानाच्या किंचित मागे, बाजूलाच. कोपऱ्यातले तुमचे १४० च्या पुढे गेले असणार. ती जागा ७.१ मधल्या मागच्या जोडीची (१३५ ते १५०), ५.१ मधल्या सराउंडची नव्हे. ५.१ चा आवाज तिथून आला की बाजूला भगदाड पडतं आणि मागचंही नीट ठरत नाही. बाजूच्या भिंतीवर पुढे आणा, कानापेक्षा थोडे वर ठेवा, तोंड बसण्याच्या जागेकडे. जागा हलवता येतच नसेल तर पीएस५ मध्ये ५.१ निवडल्यावर सराउंड स्पीकरचा कोन देता येतो. खरा कोन द्या, हवाहवासा नको. भिंत हलवण्याएवढा फरक नाही पडत, पण पडतो.

ध्रुवता. प्रत्येक स्पीकरची लाल-काळी टोकं दोन्ही बाजूंना तपासा. एकाची जरी उलटी झाली तरी टेस्ट टोनमध्ये तो व्यवस्थित वाजतो. एकटाच वाजत असतो ना, मग कळणार कसं? जोडीने वाजायला लागले की खर्ज गळतो आणि आवाजाची दिशा हवेत विरते. टर्मिनलपाशी वायरीचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टोकाला टेकत नाही ना तेही बघा. रिसीव्हर मधूनच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो तो बहुधा यामुळे. मागच्या स्पीकरसाठी १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, त्याहून लांब असेल तर २.५.

सबवूफर. घुमण्याचं नेहमीचं कारण दोनदा गाळणी (फिल्टर). रिसीव्हरमध्ये पाचही स्पीकर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती वारंवारिता) ८० हर्ट्झ. मग सबवूफरच्या पाठीवरचं वारंवारितेचं बटण पूर्ण वर फिरवा, किंवा 'एलएफई' असं वेगळं इनपुट असेल तर वायर त्यात. तिथेही ८० वर ठेवलंत तर दोन गाळण्या एकावर एक बसतात आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. मग माणूस तो भरायला आवाज वाढवतो आणि खालचा खर्ज अंगावर येतो. सबवूफर अगदी कोपऱ्यात असेल तर अर्धा-एक मीटर बाहेर काढा. फेजचा खटका ० आणि १८० वर करून बसल्या जागी ऐका; ज्यात क्रॉसओव्हरजवळचा खर्ज भरीव वाटतो तो ठेवा.

पातळी आणि अंतर. अंतरं टेपने मोजून भरा, अंदाजाने नाही. एक मीटरची चूक म्हणजे जवळजवळ ३ मिलिसेकंद. मग प्रत्येक स्पीकरचा टेस्ट टोन बसल्या जागी कानाच्या उंचीवर ७५ डेसिबल येईल असं जुळवा, आवाज मोजायचा मीटर 'सी' वेटिंग आणि 'स्लो'वर. फोनचं ॲप आकड्याला पक्कं नसतं, पण पाचही स्पीकर एकमेकांशी जुळवायला चालतं. सबवूफरच्या बाबतीत मात्र फोनवर विसंबू नका, त्याच्या माइकला खर्ज नीट ऐकूच येत नाही.

सेंटर एवढं करून दबलेला राहिला तर तो कपाटाच्या कप्प्यात आत ढकलला आहे का ते बघा. कडेपर्यंत पुढे ओढा आणि कानाकडे थोडा कलता करा. मग गरज वाटलीच तर १ ते २ डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको.

---

तारकरी

वरच्या सगळ्यानंतर गेममध्ये तपासायची पद्धत: एकाच जागी सतत आवाज करणारं काहीतरी शोधा. धबधबा, चालू इंजिन, शेकोटी. त्याच्या शेजारी उभं राहून कॅमेरा सावकाश पूर्ण गोल फिरवा. आवाज पुढून बाजूला, बाजूने मागे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पुढे, असा न तुटता फिरला पाहिजे. उलट दिशेने फिरला तर डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल झालीय. मधेच नाहीसा झाला तर त्या कोनातला स्पीकर बघा. हे करताना प्रो लॉजिक, निओ वगैरे दोन चॅनेलवरून सराउंड बनवणारे मोड बंद ठेवा, नाहीतर नक्कल आणि अस्सल यातला फरकच कळणार नाही.

गेमच्या स्वतःच्या ध्वनी मेनूत 'हेडफोन' निवडलेलं नाही ना? अनेक गेम तिथूनच सुरू होतात, आणि दोन कानांसाठी शिजवलेला आवाज पाच स्पीकरवर गढूळ ऐकू येतो. 'होम थिएटर' किंवा 'सराउंड' करा. 'डायनॅमिक रेंज' (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) कमी केली की संवाद वर येतात; रात्री कमी आवाजात खेळताना तेच बरं, सेंटर वाढवत बसण्यापेक्षा. पीएस५ मधला 'टीव्ही स्पीकरसाठी थ्रीडी ऑडिओ' बंद ठेवा. आणि कंट्रोलरला इअरफोन खोचलेला असेल तर आवाज तिकडे पळतो, हेही विसरू नका.

---

चौथा_पोर्ट

धागा वाचतोय. हीच मांडणी, पण पीएस५ ऐवजी सिरीज एक्स असेल तर? आणि रिसीव्हर बदलायचाच झाला तर काय बघावं?

---

तारकरी

सिरीज एक्स: सेटिंग्ज, जनरल, व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट, एचडीएमआय ऑडिओ. आर्कसाठी बिटस्ट्रीम (आवळलेला आवाज) निवडून डॉल्बी डिजिटल. ई-आर्क किंवा थेट रिसीव्हर असेल तर '५.१ अनकॉम्प्रेस्ड' किंवा ७.१. ॲटमॉसचा रिसीव्हर असेल तर डॉल्बी ॲक्सेस हे ॲप टाकावं लागतं. होम थिएटरसाठी ते फुकट आहे, पैसे लागतात ते हेडफोनसाठी. पीएस५ ला ॲटमॉस २०२३ च्या अपडेटमध्ये आलं, त्याला वेगळं ॲप नाही.

नवीन रिसीव्हरवर नुसतं '२.१' वाचून भुलू नका. त्या मानकातल्या बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत. विचारायचं ते हे: किती इनपुट, प्रत्येकी किती गिगाबिट, ४के १२० आणि व्हीआरआर कोणत्या इनपुटवर. पीएस५ ला ३२ गिगाबिट लागतात, सिरीज एक्सला ४०. जुना घेत असाल तर २०२० साली आलेल्या पहिल्या फळीतल्या काही २.१ रिसीव्हरमध्ये चिपचा दोष होता, सिरीज एक्सचं ४के १२० चित्र पुढे जातच नसे. ते मॉडेल असेल तर दुरुस्ती झालीय का विचारा. आणि टीव्हीला चांगला ई-आर्क असेल तर रिसीव्हरला २.१ इनपुट नसले तरी अडत नाही, ई-आर्क असला की झालं.

---

निमशहाणा

सराउंड बाजूच्या भिंतीवर आणले, सबवूफरचं बटण वर केलं, मागचा उजवा स्पीकर उलटा जोडलेला निघाला. धबधब्याची चाचणी पास.

एकच कटकट उरली. पीएस५ वर खेळत असताना कुणी स्विचला हात लावला की टीव्ही पोर्ट ३ वर उडी मारतो. टीव्हीतलं सीईसी बंद केलं तर आवाजच गेला.

---

जुनी_काडतुसं

जाणारच, आर्क त्याच सीईसीवर उभा आहे. टीव्ही आणि रिसीव्हरमधलं चालूच ठेवा, कन्सोलमधलं काढा. स्विचच्या टीव्ही सेटिंगमध्ये टीव्हीची चालू-बंद स्थिती जुळवण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. पीएस५ ही असंच करत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआयमध्ये 'वन-टच प्ले' बंद. 'एचडीएमआय डिव्हाइस लिंक' राहू द्या, टीव्हीच्या रिमोटने कन्सोल चालवायला ती लागते. यानंतर इनपुट दरवेळी हाताने बदलावा लागेल.